सर्वांत लांबचं चाक आधी

हिलाल मिस्त्री म्हणाला, लग्नसराई आहे,
आठ दिवस तुमच्या गाडीला हात लागणार नाही.
म्हणून मीच शिरलो खाली,
तळोद्याच्या वैशाखात, पहाटे साडेचारला,
पाना हातात धरवतो तेवढ्या वेळात.
नऊनंतर लोखंड माणूस ओळखत नाही.

मागचा डावा मेन पाटा सेंटर बोल्टपाशी तुटलेला.
बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिलं त्याचं:
तीन हिस्से गंज, जुना, तांबूस,
आणि एक हिस्सा नवा, चांदीसारखा.
म्हणजे कधीपासून तुटत होता,
आवाज फक्त परवा झाला.

यू-बोल्टचे नट रात्रभर डिझेलमध्ये भिजवलेले.
दोन सुटले. तिसऱ्याला पाइप लावून लोंबकळलो.
चौथा आरीनं कापला, शिव्या देत,
पण हळू आवाजात, कारण अंगणात
रंजनकोर झोपलेली
किंवा झोपल्यासारखी.

धुळ्याच्या भंगारातला पाटा कुठल्याशा टेम्पोचा,
बाक आमच्यापेक्षा जरा कमी.
जॅक, त्याखाली निंबाचा ओंडका,
त्याखाली फुटक्या जात्याची तळी.
एकेक आटा आवळत त्याला आमच्या वळणावर आणला.
कुरकुरला. बसला.

ब्रेक मात्र एकट्यानं होत नाहीत.
ड्रम ठोकून काढला, काळी भुकटी घशात गेली,
सिलिंडरचे रबरी कप फुगलेले, भिजल्या मनुकांसारखे.
नवे घातले. पण नळीत हवा शिरलेली,
आणि ती काढायला
एकाचा पाय वर लागतो, एकाचा हात खाली.

उठवायला गेलो तर बाज रिकामी.
ती आधीच ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसलेली.
चार दिवस बोलली नव्हती.

चांदसैली घाटात पेडल पत्र्याला टेकलं
तेव्हा मागे अकरा माणसं, दोन बोकड,
धडगावच्या बाजाराची पोती. पुढे माझ्याशेजारी ती.
पहिल्या गिअरला ओढली, डोंगराला घासली, थांबली.
खरचटलंसुद्धा नाही कुणाला.
रायसिंग पावरा उतरून म्हणाला, देवानं राखलं.
तिनं देवाकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.
निघताना विचारलं होतं, ब्रेक बरे आहेत ना?
मी म्हटलं होतं, लोण्यासारखे.

सर्वांत लांबचं चाक आधी, मी म्हणालो,
कुणाला तरी ऐकू जाईल एवढं.

पत्र्याला गंजून भोक पडलंय,
त्यातून दिसते तिची टाच, भेगा,
भेगांत कालची माती.

दाब.
दाबला.
धर.
धरला.
निपल पाव आटा सैल केलं,
बाटलीत बुडबुडे आले, गढूळ, चहासारखे.
तिचा पाय खाली खाली आला.
आधी निपल आवळायचं, मगच सोड म्हणायचं,
नाहीतर काढलेली हवा पुन्हा आत जाते.
सोड.
सोडला.

मोजलं नाही, पण तीस-चाळीस वेळा झालं असेल.
एकवीस वर्षांच्या संसारात
इतकं सलग बोललो नव्हतो आम्ही.
चौथ्या चाकाशी मी धर म्हणायच्या आत
वरून आलं, धरलाय.
तेल नितळ झालं. बुडबुडा नाही.
ती म्हणाली, आता पायाखाली काहीतरी आहे.

मी बाहेर निघालो, कोपरं सोलून,
किल्लीसाठी हात पुढे केला.
किल्ली लागलेली होती. इंजिन चालू.
तिला गाडी येते. मीच कधी दिली नव्हती.

पाटचारीच्या उतारावर नेली तिनं,
खिडकीतून डोकं काढून म्हणाली,
आते मव्हरे उभा ऱ्हा.

उभा राहिलो. दुसऱ्या गिअरला येत होती,
धुळीत एक दिवा चालू, एक बंद,
आणि काचेमागे तिचा चेहरा,
घाटात माझा होता तसा अजिबात नाही.
नाक खाली टेकवून गाडी थांबली.
टेम्पोचा पाटा एकदाच करकरला.

बंपर आणि माझ्या गुडघ्यामध्ये
वीत घालून पाहिली.
चार बोटं कमी भरली.